राज्यांचे हक्क की गुलामगिरी? अमेरिकन यादवी युद्धाआधीच्या भांडणाबद्दल लेकीला काय सांगू

मृण्मयी_शार्लट

नमस्कार मंडळी, आम्ही नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो, सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात सुट्टीला जोडून चार्ल्स्टनला गेलो होतो. तिथे एका जुन्या घराच्या भिंतीपाशी गाइडने थांबवलं आणि विटांवर टॉर्च धरला. विटांमध्ये बोटांचे ठसे आहेत. ओली वीट साच्यातून काढून उन्हात वाळत घालताना उमटलेले आणि भाजल्यावर तसेच पक्के झालेले. त्यातले काही इतके बारीक की लहान मुलाचेच असणार, वीटभट्ट्यांवर गुलामांची पोरंसुद्धा राबायची म्हणे. माझी लेक आठवीत आहे, तिने त्या ठशात आपलं बोट ठेवून बघितलं तर मावलंच नाही. परतीच्या रस्त्यात तीन-साडेतीन तास ती नुसते प्रश्न विचारत होती आणि मला निम्म्यांची पण उत्तरं देता आली नाहीत.

त्यात आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, फार चांगला माणूस, कोविडमध्ये त्यांनी आम्हाला किराणा आणून दिलाय. त्यांचे पणजोबा दक्षिणेच्या सैन्यात होते. त्यांनी लेकीला समजावलं की युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, राज्यांच्या हक्कांवरून झालं, उत्तरेने टॅरिफ, म्हणजे आयात मालावरचा कर, लावून दक्षिणेला पिळलं म्हणून झालं. लेक गोंधळली, आणि खरं सांगायचं तर मीपण.

तर यात खरं किती? आणि युद्ध पेटलं १८६१ ला, मग त्याआधीची चाळीस-पन्नास वर्षं एकाच देशात राहून हे लोक नेमके कशावरून भांडत होते? आणि लेकीचा एक प्रश्न जो मला सगळ्यात जड गेला, तो असा की आई, उत्तरेतल्या लोकांना हे सगळं माहीत होतं ना, मग ते इतकी वर्षं गप्प का बसले?

नेटवर वाचलंय, तारखा सगळ्या आहेत पण सूत्र हाती लागत नाहीये. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुने मास्तर

ताई, लेकीला माझा आशीर्वाद सांगा. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. राज्यांचे हक्क असं कोणी म्हणालं की एकच विचारायचं, कसला हक्क? उत्तर त्यांनीच लिहून ठेवलंय, आपल्याला अंदाज बांधायची गरजच नाही.

साऊथ कॅरोलिना २० डिसेंबर १८६० ला संघराज्यातून बाहेर पडलं आणि चार दिवसांनी कारणांचा जाहीरनामा काढला. फार मोठा नाहीये तो, शेजारच्या आजोबांबरोबर बसून वाचा. त्यात मुख्य तक्रार काय, तर उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, त्यांनी आपापले कायदे करून केंद्राच्या कायद्याला खोडा घातलाय. नीट बघा, उत्तरेतली राज्यं स्वतःचा हक्क वापरतायत हीच तर तक्रार आहे! टॅरिफबद्दल त्यात तक्रार नाही. मिसिसिपीने तर दुसऱ्याच वाक्यात लिहिलं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. आणि बाहेर पडलेल्या राज्यांच्या नव्या दक्षिणी सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स, त्याने मार्च १८६१ मध्ये सव्हानाला भर सभेत सांगितलं की आमच्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य. याच्यापुढे काय बोलायचं.

आता चाळीस वर्षांचं भांडण. ते समजायला सिनेट समजावी लागते. राज्य केवढंही असो, सिनेटमध्ये प्रत्येकी दोन माणसं. खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, आणि तिथे घटनेतच १७८७ साली तडजोड करून ठेवलेली की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. म्हणजे ज्याला मत नाही, ज्याला विकता येतं, त्याची मुंडी मोजून त्याच्या मालकाला जास्त जागा! तरी उत्तरेत लोक भराभर वाढत गेले, खालच्या सभागृहात दक्षिण मागे पडायला लागली, त्यामुळे सिनेट हातची जाऊ द्यायची नाही हा दक्षिणेचा सगळा जीव. १८१९ ला हिशोब गुलामगिरीची ११ राज्यं विरुद्ध मुक्त ११ असा होता. मिसूरी गुलामगिरीसकट आत यायला निघालं आणि बोंब उठली. १८२० ला तोडगा निघाला, मिसूरी गुलामीचं, त्याच्या जोडीला मेन हे राज्य मुक्त, आणि पश्चिमेच्या मोकळ्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांवर नकाशात रेघ, तिच्या वर गुलामगिरी नाही. म्हातारा जेफरसन, जो स्वतः गुलाम बाळगून होता, त्याने तेव्हा पत्रात लिहिलंय की रात्री आगीची घंटा वाजावी तसा या प्रश्नाने मी दचकून जागा झालो.

त्यानंतर प्रत्येक नव्या जमिनीवर तेच. १८४५ ला टेक्सास, मग मेक्सिकोशी १८४६ ते ४८ युद्ध, त्यात कॅलिफोर्नियापर्यंतचा अफाट प्रदेश मिळाला आणि जमीन हातात यायच्या आधीच, तिथे गुलाम न्यायचे की नाही यावर संसद फाटली. विल्मॉट नावाच्या पेनसिल्वेनियाच्या सभासदाने ठराव आणला की मेक्सिकोकडून मिळणाऱ्या मुलखात गुलामगिरी नको, खालच्या सभागृहात पास, सिनेटमध्ये अडला. आणि मतं पक्षावर नाही, उत्तर-दक्षिण अशी पडली. माझ्या मते १८४६ ची ही भेग पुढे कधी बुजलीच नाही.

आणि ते गप्प का बसले, याचं एक उत्तर असं की गप्प बसवलं होतं. १८३६ ते १८४४ खालच्या सभागृहात नियमच होता, गुलामगिरीविरुद्धचे अर्ज आले की न वाचता बाजूला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स साधा सभासद म्हणून तिथे बसून आठ वर्षं त्या नियमाशी भांडला. तुम्ही ज्या चार्ल्स्टनला गेलात तिथे १८३५ ला जमावाने पोस्टात घुसून गुलामगिरीविरोधी छापील कागद पळवले आणि जाळले. आणि उत्तर तरी कुठे सुरक्षित होती, इलिनॉयमध्ये ऑल्टन गावी १८३७ ला एलायजा लव्हजॉय हा संपादक आपला छापखाना वाचवताना जमावाच्या गोळीने मेला. मुलीला हे नाव नक्की सांगा.

पऱ्हाटी

मास्तरांनी कायदा सांगितला, मी कापूस सांगतो. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, तीन पिढ्या पऱ्हाटीच.

अमेरिकेतल्या आतल्या भागात जो कापूस यायचा त्याची सरकी रुईला घट्ट चिकटलेली. हाताने सरकी काढायची तर दिवसभर बसून माणसाची जेमतेम पौंडभर रुई व्हायची, म्हणून पीक परवडतच नव्हतं. १७९३ ला एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र, जिन, काढलं आणि सगळं उलटंपालटं झालं. काही लोकांना तेव्हा वाटत होतं की गुलामगिरी हळूहळू आपोआप मरेल, ती मेली नाही, फोफावली. १७९० च्या जनगणनेत गुलाम सुमारे ७ लाख, १८६० च्या जनगणनेत साडेएकोणचाळीस लाख, आणि मधे १८०८ पासून बाहेरून आणायला बंदी होती तरी.

कारण मशीनने फक्त सरकी निघाली हो, वेचणी हातानेच. ज्याने वेचणी केली नाही त्याला कळत नाही. बोंड फुटून वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, नखाच्या कडेची कातडी फाटते, माझी आई अजूनही वेचणीच्या दिवसांत रात्री बोटांना खोबरेल लावून झोपते. तिकडेही संध्याकाळी कापूस काट्यावर लागायचा, आणि वजन कमी भरलं की फटके. आमच्याकडेपण संध्याकाळी वजन होतं पण किलोमागे मजुरी मिळते, भाव पटला नाही तर बाई उद्या दुसऱ्याच्या वावरात जाते. हा फरक साधा नाही, आमच्याकडच्या हालअपेष्टा मला माहीत आहेत आणि तरी मी दोन्ही एका पारड्यात टाकणार नाही, कारण तिथे माणूस स्वतःच माल होता. त्याच्यावर कर्ज निघायचं, तो गहाण पडायचा, मालक मेला की वाटणीत जायचा.

व्हर्जिनिया, मेरीलँडची तंबाखूची जमीन थकली तेव्हा तिथल्या मालकांनी नवा धंदा काढला, माणसं खाली अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाला विकायची. १७९० ते १८६० मध्ये साधारण १० लाख माणसं अशी दक्षिणेकडे हलवली गेली, कोणी पायी साखळीत, कोणी बोटीतून. न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात १८६० च्या सुमाराला धडधाकट तरुणाला दीड हजार डॉलरच्या वर भाव होता. आईपासून पोर तोडून विकलेलं, नवऱ्यापासून बायको, हे रोजचं. म्हणून पश्चिमेची नवी जमीन त्यांना हवी होती. नवं वावर उघडलं की माणसाचा भाव चढतो, वावर बंद झालं की उतरतो. मास्तर म्हणतात ती नकाशावरची रेघ म्हणजे मालकांसाठी थेट भावाची गोष्ट होती.

आणि त्यांना वाटायचं आपल्याशिवाय जग चालत नाही. अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त कापूस, त्या जोरावर साऊथ कॅरोलिनाचा हॅमंड १८५८ ला सिनेटमध्ये म्हणाला की कापूस राजा आहे, त्याच्याशी लढायची कोणाची छाती नाही. पुढे युद्धात दक्षिणेची बंदरं बंद पडली तेव्हा इंग्लंडातले लिव्हरपूलवाले मुंबईकडे वळले. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा सट्टा आणि समुद्रात भराव टाकायच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ ला तिकडे युद्ध संपताच सगळं कोसळलं. तो वेगळा धागा होईल, इथे थांबतो.

सडेतोड

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले पण चित्र जरा एकतर्फी होतंय असं मला मनापासून वाटतं. १८३२ ला साऊथ कॅरोलिनाने टॅरिफवरूनच केंद्राचा कायदा रद्द ठरवला होता, राष्ट्राध्यक्ष जॅक्सन सैन्य पाठवायच्या तयारीत होता, मग टॅरिफ काहीच नव्हतं असं कसं म्हणणार? दुसरं, मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या, न्यूयॉर्कचे सावकार त्याच मालकांना पैसे द्यायचे. राष्ट्राध्यक्ष लिंकनने तर शपथविधीच्या भाषणात स्वच्छ सांगितलं की जिथे गुलामगिरी आहे तिथे मी हात लावणार नाही. आणि दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या घरांत एकही गुलाम नव्हता, ते कशासाठी मेले मग? आठवीतल्या मुलीला उत्तर म्हणजे देव आणि दक्षिण म्हणजे राक्षस असं सांगू नका एवढंच म्हणणं आहे.

बॉस्टनकर

सडेतोड, मुद्दे बरोबर आहेत, पण ते घेऊन पुढे चालत गेलं की आपण पुन्हा गुलामगिरीपाशीच येतो.

टॅरिफ घ्या. १८३२ चं भांडण खरं, पण दुसऱ्याच वर्षी तडजोड होऊन मिटलं. १८५७ ला टॅरिफ इतकं उतरवलं की कित्येक दशकांत एवढं कमी नव्हतं, दक्षिणेच्या पाठिंब्याने उतरवलं. वाढीव टॅरिफचा कायदा झाला मार्च १८६१ ला, तोपर्यंत सात राज्यं निघून गेली होती आणि त्यांचे सिनेटर खुर्च्या सोडून गेले म्हणूनच तो पास होऊ शकला. बिनगुलामवाल्या गोऱ्यांचं म्हणाल तर दक्षिणेत चारातल्या एखाद्या घरात गुलाम होते, बाकीच्यांना आपण कितीही गरीब असलो तरी काळ्यापेक्षा वर आहोत ही जागा सोडायची नव्हती, आणि १८३१ च्या नॅट टर्नर या गुलामाच्या बंडात व्हर्जिनियात पन्नासच्या वर गोरे मारले गेले तेव्हापासून ही माणसं सुटली तर आपलं काय होईल ही भीती घराघरात होती.

पण ताईंच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच गावात मिळालं, ते जरा सविस्तर लिहितो. १८५० ला मोठी तडजोड झाली, कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आत आणि बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांना पकडायचा नवा कडक कायदा. केंद्राचा कमिशनर निकाल देणार, ज्युरी नाही, ज्याला पकडलंय त्याला स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची परवानगी नाही. कमिशनरने त्याला मालकाच्या ताब्यात दिलं तर फी १० डॉलर, सोडलं तर ५. सरकारने कारण सांगितलं की पहिल्यात कागदपत्रं जास्त. रस्त्यावरच्या सामान्य माणसालाही पकडायला मदत कर असा हुकूम देता येणार, लपवलं तर दंड आणि कैद. राज्यांच्या हक्कांचं नाव घेणाऱ्यांनी केंद्राला इतका हात दुसऱ्या कुठल्याच बाबतीत दिला नव्हता. विस्कॉन्सिनच्या कोर्टाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला तेव्हा केंद्राच्या सुप्रीम कोर्टाने १८५९ ला त्यांना गप्प केलं आणि दक्षिण खूष झाली.

आता अँथनी बर्न्स. वीस वर्षांचा पोरगा, व्हर्जिनियातल्या रिचमंडहून जहाजात लपून बॉस्टनला आलेला, कपड्यांच्या दुकानात कामाला. लिहायला शिकलेला होता, आणि त्या लिहिण्यानेच घात झाला, भावाला पाठवलेलं पत्र मालकाच्या हाती पडलं. २४ मे १८५४ ला त्याला पकडलं. दोन दिवसांनी रात्री काळ्या-गोऱ्या लोकांनी मिळून कोर्टाचं दार फोडायचा प्रयत्न केला, आतला एक पहारेकरी मेला, बर्न्स सुटला नाही. २ जूनला कोर्टापासून धक्क्यापर्यंत त्याला चालवत नेलं, दोन्ही बाजूंना बंदुका आणि तलवारी घेतलेले सैनिक, एका माणसासाठी. सुमारे ५० हजार लोक बघायला उभे, दुकानांना काळी कापडं, आणि स्टेट स्ट्रीटवर वरून एक शवपेटी लटकवलेली, तिच्यावर लिहिलेलं, स्वातंत्र्य. मी त्याच रस्त्याने रोज ऑफिसला जातो, हे वाचल्यापासून तिथून नुसतं जाता येत नाही.

सडेतोड, तुम्ही गिरण्यांचं म्हणालात ना, त्या गिरणीवाल्यांपैकीच एक एमॉस लॉरेन्स. दक्षिणेशी जुळवून घेणारा, तडजोडीवाला माणूस. त्याने त्याच दिवसांत लिहिलं की रात्री झोपलो तेव्हा आम्ही जुन्या वळणाचे तडजोडवाले होतो आणि सकाळी उठलो ते पक्के वेडे गुलामगिरीविरोधी होऊन. तोपर्यंत गुलामगिरी कुठेतरी खाली होती, कापसाच्या गाठीच्या रूपाने गिरणीत यायची. त्या दिवसांत ती त्याच्याच शहरात त्याच्या डोळ्यांसमोर आली. माझ्या मते बहुतेक लोक गप्प होते कारण त्यांना ते दिसत नव्हतं आणि न दिसण्यात फायदा होता. ज्यांना दिसत होतं, बॉस्टनचे काळे रहिवासी, १८३१ पासून गुलामगिरीविरोधी पेपर चालवणारा गॅरिसन, स्वतः पळून आलेला फ्रेडरिक डग्लस, ते कधीच गप्प नव्हते.

त्याच आठवड्यात, ३० मेला, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. १८२० ची मास्तरांची रेघ पुसली, या दोन नव्या मुलखांत गुलामगिरी हवी की नको ते तिथले रहिवासीच मतदानाने ठरवतील. मग काय, मत द्यायला मिसूरीतून बंदुका घेऊन टोळ्या, आणि उत्तरेतून वसाहतवाले, त्यांना पैसा पुरवणारा हाच लॉरेन्स, त्याच्या नावाचं गाव अजून कॅन्ससमध्ये आहे. १८५६ च्या मे महिन्यातले चार दिवस बघा, २१ ला लॉरेन्स गाव लुटलं, २२ ला, सिनेटमध्ये गुलामगिरीविरोधी भाषण केलं म्हणून सिनेटर चार्ल्स सम्नरला दक्षिणेच्या ब्रुक्स या सभासदाने त्याच्या बाकावरच छडीने रक्तबंबाळ होईतो मारलं, आणि २४ च्या रात्री गुलामगिरीविरोधी जॉन ब्राऊनच्या माणसांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घरातून ओढून कापलं. सम्नर तीन वर्षांहून जास्त काळ सिनेटमध्ये नीट कामावर परत येऊ शकला नाही आणि ब्रुक्सला दक्षिणेतून लोकांनी नव्या छड्या भेट पाठवल्या. १८५७ ला ड्रेड स्कॉट या स्वातंत्र्य मागणाऱ्या गुलामाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की काळा माणूस या देशाचा नागरिक असूच शकत नाही आणि नव्या मुलखात गुलामगिरी रोखायचा संसदेला अधिकारच नाही. आता बोलायला जागाच कुठे उरली?

लिंकनचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्याचा आग्रह फक्त एवढाच की नव्या जमिनीवर नको. पण पऱ्हाटी यांनी भावाचं गणित सांगितलं ते बघा, मालकांना तेवढंसुद्धा चालणार नव्हतं. १८६० च्या निवडणुकीत दक्षिणेच्या दहा राज्यांत त्याला एक मतही पडलं नाही, तिथे त्याच्या पक्षाच्या मतपत्रिकाच नव्हत्या, आणि तरी तो निवडून आला. सिनेट गेली, राष्ट्राध्यक्ष गेला. सहा आठवड्यांत साऊथ कॅरोलिना बाहेर.

सडेतोड

छड्या पाठवल्याचं माहीत नव्हतं. टॅरिफचा मुद्दा मागे घेतो, १८५७ चं मी तपासलं, तुम्ही म्हणता तसंच आहे. बर्न्सचं पुढे काय झालं?

बॉस्टनकर

रिचमंडला चार महिने बेड्यांमध्ये कोंडला, मग विकला, ताईंच्याच नॉर्थ कॅरोलिनातल्या माणसाला. बॉस्टनच्या काळ्या चर्चच्या लोकांनी १३०० डॉलर जमवून १८५५ ला त्याला विकत घेऊन मोकळा केला. शिकला, कॅनडात चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला आणि १८६२ ला वारला, २८ वर्षांचा असताना.

ओवी_सातारा

+१, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मुलीला एक आपल्याकडचं पण सांगा मृण्मयी ताई. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ छापलं ते अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निःस्वार्थपणे काळ्यांना दास्यातून सोडवलं त्यांना अर्पण केलंय, आणि माझ्या देशबांधवांनीही शूद्र भावांना सोडवायला हाच कित्ता गिरवावा अशी आशा लिहिलीय. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती फक्त. पुण्यात बसून त्या माणसाला ती बातमी आपल्या घरची वाटली.

मृण्मयी_शार्लट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद हा शब्द पुरा पडत नाही. काल रात्री लेकीला जेवताना सगळं वाचून दाखवलं. १० आणि ५ डॉलरपाशी तिने मला थांबवलं आणि म्हणाली, म्हणजे कायद्यातच लिहिलं होतं कुणाच्या बाजूने निकाल द्यायचा ते. ओवी, फुल्यांचं ऐकून तिने आजोबांना पुण्याला फोन लावला.

शेजारच्या आजोबांना साऊथ कॅरोलिनाचा जाहीरनामा प्रिंट करून दिला, भांडायला नाही, सोबत वाचू म्हणून. दोन पानं वाचून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले बाकीचं उद्या वाचू.

आता लेकीचं नवं चाललंय, त्या विटा थापणाऱ्या मुलांची नावं शोधायची. १८५० आणि १८६० च्या जनगणनेचे कागद नेटवर आहेत, त्यात गुलामांची वेगळी यादी पण सापडली, पण त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. १०, मुलगी, काळी. ८, मुलगा, काळा. पानंच्या पानं अशी. नावं कुठे मिळतील, कोणाला माहीत आहे का?

जुने मास्तर

त्या याद्यांत नावं लिहीतच नव्हते ताई, फार थोडे अपवाद. १८७० ची जनगणना काढा, सुटका झालेल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा तिथे आली. १८६० ला जी १० वर्षांची होती ती १८७० ला वीसची असेल, त्याच जिल्ह्यात शोधायला लागा. आणि मालकांची मृत्युपत्रं, घरच्या मालमत्तेच्या याद्या बघा, त्यात गुरं, भांडीकुंडी यांच्या शेजारी माणसांची पहिली नावं आणि पुढे किंमत लिहिलेली असते. वेळ लागेल. अडलात तर इथेच विचारा, मी रोज येतो.